संघनिवड आणि लोकमत

श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर क्रिकेटचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु ज्या गोष्टींवरून सामान्य माणसे चहाच्या दुकानात, फलाटावर आणि घराच्या ओट्यावर बसून हिरिरीने भांडली, त्या गोष्टींचाही इतिहास असतो, आणि समाजाचे मन त्यात अनेकदा अधिक स्पष्ट दिसते. संघनिवड ही अशीच एक गोष्ट होय.

इगतपुरीच्या माणसाला हा विषय समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे पावसाचे चार महिने मैदान नुसते पाहायचे असते. खेळ थांबतो, पण खेळाची चर्चा थांबत नाही. उलट तिला तेव्हाच खरा रंग चढतो. कोणाला घेतले, कोणाला वगळले, कर्णधारपद कोणाला दिले, याचा खल चालू होतो. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम सरला की हिवाळ्यात तेथील लोक हेच करतात. तिकडे या चर्चेला तापल्या शेगडीचे नाव पडले आहे, कारण पूर्वी गावच्या दुकानातील शेगडीभोवती जमून मंडळी आपापल्या संघाच्या सौद्यांचा न्याय करीत. शेगडी त्यांची, पाऊस आपला. माणसाचा स्वभाव मात्र एकच.

आता हा न्याय कसा करावा, हा प्रश्न आहे. मराठी भाषेने येथे आपल्याला एका पेचात टाकले आहे. न्यायाधीश देतो तोही ‘निकाल’ आणि सामन्याचा लागतो तोही ‘निकाल’. शब्द एकच असल्यामुळे सामन्याचा निकाल लागला म्हणजे निवडीचाही निकाल लागला, अशी आपली समजूत होते. ही समजूत कितपत खरी आहे, हे आपल्याच इतिहासातील दोन प्रकरणांवरून पाहू.

पहिले प्रकरण पाळवणकर बंधूंचे. बाळू पाळवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार समाजात झाला. पुण्यातील क्रिकेट क्लबांत खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे ही त्यांची पहिली कामे. युरोपियनांच्या क्लबात सरावाला चेंडू टाकता टाकता हा डावखुरा गोलंदाज असा तयार झाला की पुण्याच्या हिंदू संघाला त्याच्यावाचून चालेना. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सर्वांना चालत होता. चहा मात्र त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. पुढे प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात सगळे मिळून ११४ बळी घेतले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघेही भाऊ हिंदू संघातून खेळले.

एवढे असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. आपल्या घाटाचा दाखला येथे चपखल लागू पडतो. थळ घाट चढताना गाडीला कसाऱ्यास मागून इंजिने जोडतात. ती सारा भार रेटून वर आणतात आणि इगतपुरीस सुटतात. पुढच्या मोठ्या स्थानकावर गाडी दिमाखात शिरते तेव्हा त्यांची आठवण कोणाला होत नाही. बाळूंचे हिंदू संघातील स्थान असे मागच्या इंजिनाचे होते. त्यांच्याऐवजी ज्यांना मान मिळाला त्या पै यांनीच एका सत्कारसमयी, ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू म्हणून हा मान खरे तर बाळूंचा होता, असे मोकळेपणाने सांगितले होते. प्रतिस्पर्ध्याला दिसले ते निवडणाऱ्यांना दिसू नये, याचे कारण खेळात शोधून सापडणारे नव्हते.

१९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी हा प्रश्न उघड्यावर आला. बाळूंना डावलण्यात आले आणि शिवराम व विठ्ठल या दोघा भावांनी आपली नावे मागे घेऊन त्याचे कारण वर्तमानपत्रांतून जाहीर केले. मुंबईत मोठी चर्चा माजली. अस्पृश्यतेचा कलंक हिंदूंनी धुऊन काढावा, असे आवाहन ज्या नागपूर काँग्रेसने केले, ती याच वर्षीची, हे ध्यानात घेतले म्हणजे ही चर्चा केवळ अकरा खेळाडूंची का राहिली नाही, हे कळते. अखेर बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केले गेले आणि भाऊही परतले.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आपण न्याय करीत नसून वकिली करीत आहोत असे होईल. १९२० साली बाळूंचे वय चव्वेचाळीसच्या आसपास होते. या वयाच्या खेळाडूला वगळणे हे क्रिकेटच्या दृष्टीने अन्यायाचेच होते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. परंतु हे कारण १९२० साली देता आले, तरी १९१२ साली देता आले नसते. तेव्हा बाळू इंग्लंड गाजवून नुकतेच परतले होते. कारणे वर्षागणिक बदलत होती, निर्णय मात्र तोच राहात होता. श्रोतेहो, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. निर्णय कायम राहून कारणे बदलू लागली, की खरे कारण सांगितले जात नाही असे खुशाल समजावे.

१९२३ साली विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी चौरंगी सामन्यांचे विजेतेपद हिंदू संघाने मिळवले. लोकांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. विठ्ठलरावांनी पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले. ज्यांनी या निवडीचा पुरस्कार केला होता त्यांनी विजयाकडे बोट दाखवून म्हटले असेल, पाहा, आमचेच खरे ठरले! पण जरा थांबून विचार करा. तो अंतिम सामना हिंदू संघ हरला असता, तर विठ्ठलरावांना कर्णधार करणे चुकीचे ठरले असते काय? मुळीच नाही. न्याय त्यांच्या बाजूने होता तो त्यांच्या खेळामुळे आणि अनुभवामुळे. विजयाने तो सजला एवढेच. निवड योग्य ठरवण्यासाठी विजयाची अट घालणे म्हणजे वंचिताला दोनदा परीक्षेस बसवणे होय. इतरांना हरण्याची मुभा आणि त्याला मात्र नाही!

हा प्रश्न केवळ आपल्या जातिव्यवस्थेचा होता असेही नव्हे. खुद्द इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकाला राष्ट्रीय संघाचे नेतृत्व द्यायचे नाही, असा संकेत विसाव्या शतकात १९५२ सालापर्यंत टिकला. त्या वर्षी लेन हटन कर्णधार झाले, ते भारताविरुद्धच्या मालिकेत. वेस्ट इंडिजमध्ये बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असूनही नेतृत्व गोऱ्याकडे ठेवण्याचा प्रघात होता. लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी ‘द नेशन’ या पत्रातून त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९६० साली फ्रँक वॉरेल यांना पुऱ्या मालिकेसाठी कर्णधार नेमले गेले. त्यांचा संघ ऑस्ट्रेलियात मालिका हरला, एकाविरुद्ध दोन सामन्यांनी. ब्रिस्बेनची ती प्रसिद्ध बरोबरीची कसोटी याच मालिकेतली. पण निरोपाच्या दिवशी मेलबर्नच्या रस्त्यांवर दुतर्फा प्रचंड गर्दी लोटली ती हरलेल्या संघासाठी. वॉरेल यांची निवड चुकली, असे त्यानंतर कोणी म्हटले नाही. पराभवातही निवड बरोबर असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

आता दुसरे प्रकरण, जे आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींच्या प्रत्यक्ष आठवणीतले आहे. जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. १९६२ पासून भारतीय क्रिकेटवर मन्सूर अली खान पतौडी यांची छाप होती. निवड समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी निर्णायक मत अजित वाडेकर यांना दिले. लगेच तर्कांना ऊत आला. १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर मर्चंट यांच्याऐवजी पतौडींच्या वडिलांना कर्णधार केले होते, त्याचे उट्टे मर्चंट यांनी मुलावर काढले, असे बोलले गेले. मुंबईकराने मुंबईकराला निवडले, असेही म्हटले गेले. दिलीप सरदेसाई यांच्या समावेशावरही अनेकांनी नाके मुरडली.

पुढे काय झाले ते सर्वविदित आहे. भारताने वेस्ट इंडिजवर पहिला कसोटी विजय आणि पहिली मालिका मिळवली. सुनील गावसकर यांनी चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या आणि ज्यांच्याविषयी कुरकुर झाली त्या सरदेसाईंनी ६४२. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय मिळवला. संघ मुंबईस परतला तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले होते. इंदूरला विजयाचे स्मारक म्हणून खेळाडूंच्या नावांसह एक भली मोठी बॅट उभारण्यात आली. १९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडवर पुन्हा विजय मिळाला.

आणि मग १९७४ साल उजाडले. इंग्लंडमध्ये भारत तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत संपला. वाडेकरांच्या मुंबईतील घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या बॅटची लोकांनी विटंबना केली. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळले गेले आणि त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली. तीन मालिका लागोपाठ जिंकणारा कर्णधार एका उन्हाळ्यात अपराधी ठरला.

१९७१ साली मर्चंट द्रष्टे ठरले आणि १९७४ साली वाडेकर नालायक, हे दोन्ही निवाडे एकाच मुशीतून निघालेले आहेत. १९७१ची निवड तपासायची तर त्या जानेवारीत समितीपुढे काय होते ते पाहावे लागेल: मुंबईसाठी खोऱ्याने धावा काढणारा, शांत डोक्याचा फलंदाज एकीकडे, दीर्घ अनुभवाचा, भारतीय क्षेत्ररक्षणाला नवे वळण देणारा कर्णधार दुसरीकडे. समसमान मते पडावीत, इतका तो प्रश्न खरोखर कठीण होता. विजयानंतर मात्र तो कधी कठीण नव्हताच, असे आपण बोलू लागलो. निकाल आपल्याला शहाणे करीत नाही. आपण आधीच शहाणे होतो, असा भास तेवढा निर्माण करतो.

मग लोकांनी मत देऊच नये काय? माझे म्हणणे अगदी उलट आहे. १९२० साली लोकांनी तोंड उघडले म्हणूनच १९२३ घडले. निवडणाऱ्यांना जाब विचारणारे लोकमत नसते, तर आणखी कित्येक बाळू खेळपट्टी झाडीतच म्हातारे झाले असते. पण ते मत द्यायचे ते सामन्याआधी, निवडीची कारणे विचारून द्यावे. हा माणूस का घेतला? तो का वगळला? जे कारण याला लावले तेच इतरांना लावले काय? या प्रश्नांची उत्तरे निवडीच्या दिवशीच मिळतात. त्यासाठी धावफलकाची वाट पाहावी लागत नाही. आणि एकदा ही उत्तरे पटली, तर पुढे ४२ धावांत डाव आटोपला तरी हातात दगड घेण्याचे कारण उरत नाही.

शाळेचा संघ निवडला जातो, संस्थांचे पदाधिकारी निवडले जातात, नगरपालिकेत माणसे निवडून दिली जातात. त्या प्रत्येक वेळी आपण निवड समितीत असतो किंवा निदान तिच्या दाराशी तरी उभे असतो. येत्या पावसाळ्यात गप्पांचा फड रंगेल तेव्हा तो जरूर रंगवा. फक्त घाट चढून आलेल्या गाडीकडे पाहताना मागच्या बाजूसही एक नजर टाकावी, आणि भार कोणी रेटला हे विचारून मगच बक्षीस कोणाला द्यायचे ते ठरवावे.