भुताला वाट देणारी म्हातारी

दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकवताना फळ्यावर सनावळ्या येतात, मृतांचे आकडे येतात. पण ज्याचे सोबती गेले आणि जो एकटा मागे उरला, त्याच्या मनाचे काय झाले, हे धड्यात नसते. मला ते एका जपानी चित्रकादंबरीत सापडले. आणि तीही चक्क भुताखेतांची!

कादंबरीचे नाव 'नोननोनबा'. कर्ते शिगेरू मिझुकी (१९२२-२०१५). काळ १९३० च्या आसपासचा, जागा साकाइमिनातो हे समुद्रकाठचे गाव. देवाधर्माचे करून पोट भरणाऱ्यांना तिकडे 'नोननोन' म्हणत, 'बा' म्हणजे म्हातारी. अशी एक गरीब विधवा छोट्या शिगेरूच्या घरी येते आणि दोघांची गट्टी जमते. म्हातारीला गावातली सगळी 'योकाई', म्हणजे भुतेखेते, ठाऊक! घाणेरड्या न्हाणीघरात रात्री मळ चाटणारा एक असतो. अंधारात मागून पावले वाजवणारा दुसरा, बेतोबेतोसान. त्याला घाबरून पळायचे नाही. बाजूला व्हायचे आणि 'तुम्ही पुढे व्हा' असे नम्रपणे म्हणायचे. आपल्या कोकणातल्या आजीनेही देवचाराबद्दल असेच काहीसे सांगितले असते.

पण भुते कुणाला वाचवत नाहीत. क्षय झालेली चिगुसा ही शिगेरूची मैत्रीण जाते. मिवा नावाच्या दुसऱ्या मुलीला पैशांसाठी विकले जाते. लेखक खोटा दिलासा देत नाही. म्हातारी फक्त मुलाजवळ बसते आणि दुःखाला जागा करून देते.

हाच मुलगा पुढे सैनिक होऊन न्यू ब्रिटन बेटावर रबौलला गेला. १९४४ मध्ये त्याच्या छोट्या तुकडीवर हल्ला झाला आणि तो एकटाच वाचला. कसाबसा छावणीत परतला, तर जिवंत का आलास म्हणून वरिष्ठांची बोलणी खावी लागली! पुढे मलेरिया झाला, त्यातच बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. तिथल्या तोलाई लोकांनी मात्र त्याला खाऊपिऊ घातले, आपले मानले. जंगलात पळताना एक अदृश्य भिंत आडवी आली, ती 'नुरिकाबे'च होती, असे मिझुकी सांगत.

उरलेल्या एका हाताने त्यांनी जन्मभर चित्रे काढली. म्हातारीच्या आठवणींचे पुस्तक १९७७ मध्ये आले, चित्रकादंबरी त्यानंतर. फ्रान्समधल्या आंगुलेम महोत्सवात २००७ साली तिला सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान मिळाला. एका गरीब म्हातारीची शिकवण केवढी दूर पोचली बघा!

घरात कुणी गेले की आपण मुलांना 'देवाघरी गेले' एवढेच सांगतो आणि विषय बदलतो. मूल मग रात्री एकटेच ती पावले ऐकत राहते. मला वाटते, त्याच्याशेजारी थोडे बसावे. मागून येणाऱ्याचे नाव त्याला सांगावे, आणि दोघांनी मिळून बाजूला सरकून त्याला वाट द्यावी. पावले थांबणार नाहीत, पण ऐकणारे दोघे असतील.