बुडालेली आणि बुडवलेली

खोपोलीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी पाताळगंगेत येते, खालापूर तालुका ओलांडून धरमतरच्या खाडीला मिळते आणि रेवसपाशी समुद्रात जाते. याच रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात ‘बुडालेले जहाज’ म्हटले की आठवत आली ती जलसमाधी.

सिंधुदुर्गातला अलीकडचा प्रयोग या आठवणीशेजारी ठेवून पाहिला पाहिजे. ‘आयएनएस गुलदार’ ही पोलंडमध्ये बांधलेली युद्धनौका १९८५ मध्ये नौदलात दाखल झाली. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणे हे तिचे काम. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला ती निवृत्त झाली. एरवी अशा नौकेच्या नशिबी भंगार असते. गुलदार मात्र २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आली. निवती रॉकजवळ तिला तळाशी बसवायचे, तिथे स्कूबा करणाऱ्यांसाठी पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभी करायची, अशी ही योजना आहे.

यामागचे शास्त्र साधे आहे. वाळूवर शिंपले, प्रवाळ यांना पाय रोवता येत नाहीत. त्यांना कठीण पृष्ठभाग लागतो. लोखंड तो देते. त्यांच्यामागे लहान मासे येतात, लहानांमागे मोठे. मालवणच्या नैसर्गिक खडकांवरील पर्यटकांचा भारही त्यामुळे थोडा हलका होऊ शकतो.

पण समुद्रात टाकलेली प्रत्येक वस्तू भित्ती होत नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७२ मध्ये याच हेतूने सुमारे वीस लाख टायर टाकले गेले. बांधण्या तुटल्या आणि ते टायर खऱ्या प्रवाळांवर आदळू लागले. त्याच राज्यात २००६ मध्ये ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका बुडवण्याआधी तेल आणि विषारी द्रव्ये काढण्यात बराच काळ व पैसा गेला. आज ती पाणबुड्यांचे आवडते ठिकाण आहे.

म्हणून गुलदारबाबत दोन नोंदी जपायला हव्यात : बुडवण्याआधी तिच्यातून काय काय काढले, आणि तिथे जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांशी काय ठरले. रामदासची वेळ कुणी निवडली नव्हती. इथे जागा, खोली, दिवस सारे माणूस ठरवतो. तेव्हा परिणामांचा हिशेबही त्यानेच ठेवायचा.