महाराष्ट्राच्या दृश्यकलेतील घराचे अंतरंग

ओसरी, माजघर, देवघर, चाळीतील खोली किंवा सदनिका यांचा केवळ पार्श्वभूमी म्हणून उपयोग न करता त्यांनाच विषय मानणाऱ्या कलाकृतींचा विचार या विषयात होतो. खोलीत कोणत्या वस्तू आहेत यापेक्षा तेथे राहणाऱ्या माणसाला ती खोली कशी जाणवते, हा अशा कलाकृतींचा मुख्य प्रश्न असतो.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील मेणवली येथील नाना फडणवीसांचा वाडा आणि वाई येथील रास्त्यांचा मोतीबाग वाडा यांमध्ये पेशवेकालीन भित्तिचित्रे आहेत. येथे चित्र हा घराचाच एक भाग होता. बैठकी, हिशेब, सणवार त्याच्या साक्षीने होत. मुद्दाम उभे राहून चित्र पाहण्याचे कारण घरच्या माणसाला क्वचितच पडत असावे. आजचा पाहुणा हीच चित्रे प्रदर्शनातल्याप्रमाणे एकेक करून पाहतो. गिलावा ढासळला की चित्रही जाते, म्हणून या चित्रांचे जतन वाड्याच्या जतनापासून वेगळे काढता येत नाही.

पुढे चित्र घराच्या भिंतीवरून उतरून चौकटीत आले. औंध संस्थानाचा मुलूख आजच्या सातारा व सांगली (आटपाडी, कुंडल) या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेला होता. संस्थानाचे अधिपती आणि स्वतः चित्रकार असलेले भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये औंध येथे श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा, धुरंधर आदींची चित्रे तेथे आहेत. चित्रांवर नैसर्गिक प्रकाश पडावा अशी दालनांची रचना आहे. म्हणजे येथे खोलीच चित्रासाठी बांधली गेली.

समकालीन कला

सातारा आणि कोकण भागांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कुटुंबांच्या वाट्याला चाळीतील एकेक खोली आली. स्वयंपाक, झोप, अभ्यास, आजारपण सारे तिच्यातच. अशा शहरी जीवनाचे चित्रण सुधीर पटवर्धन (जन्म १९४९, पुणे) यांनी सातत्याने केले. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) हे त्यांचे आरंभीच्या काळातील चित्र उपाहारगृहाच्या आतले आहे. रस्ते, पूल आणि लोकल गाड्या यांमुळे ते शहराचे चित्रकार म्हणून ओळखले जातात; परंतु उत्तरकाळात त्यांनी घर, कुटुंब आणि वार्धक्य यांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिले, याची दखल त्या मानाने कमी घेतली जाते. १९७५ ते २००५ या काळात ते ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ होते. शरीराच्या आत पाहण्याचा हा व्यवसाय आणि घराच्या आत पाहणारी चित्रे यांचा संबंध जोडण्याचा मोह अभ्यासकाला होणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९-२० मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले होते.

पुढच्या पिढीतील अमोल पाटील (जन्म १९८७) यांच्या मांडणशिल्पांत आणि सादरीकरणांत चाळ पुन्हा पुन्हा येते. त्यांच्या कलाकृती २०२२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनात मांडल्या गेल्या.