हेलिकॉप्टरवाहू जहाजे : पोर्ट सैद ते सँ-नाझेर

नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दारुखान्यात जुनी 'विक्रांत' तोडायला घेतली. आम्हीही एके सकाळी तिकडे गेलो होतो. ज्यांच्या हाती गॅस कटर होते ते बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे मजूर. या बोटीने १९७१ साली काय केले हे त्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नव्हते, आणि असायलाच हवे असेही नाही. पत्रा किती जाड आहे आणि आत कुठे तेल राहिले आहे काय, एवढीच चौकशी त्यांना करायची होती.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी एक निर्णय जाहीर केला. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर सँ-नाझेर म्हणून गाव आहे. तेथील गोदीत रशियासाठी बांधून पुरे झालेले 'व्लादिवोस्तोक' हे जहाज तूर्त रशियाच्या हवाली करायचे नाही, असा तो निर्णय. एक बोट मोडीत निघालेली, दुसरी कोरी करकरीत असून धक्क्याला बांधून पडलेली. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्या वेळी आमच्या ध्यानीमनी नव्हते. संबंध आहे, आणि तो इजिप्तमधील पोर्ट सैद बंदरातून जातो, हे पुढे वाचनात आले. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम हेलिकॉप्टरवाहू जहाज म्हणजे काय ते पाहू. विमानवाहू जहाज सर्वांस ऐकून ठाऊक असते. विमानाला हवेत चढायला धाव लागते, आणि जहाजावर तेवढी लांबी नसते. म्हणून चढताना त्याला यंत्राने पुढे फेकावे लागते, उतरताना आडव्या ताणलेल्या तारांत अडकवून थांबवावे लागते. शिवाय त्या वेळी सारे जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवून भरधाव पळवावे लागते. हा सगळा खटाटोप आणि खर्च त्या धावेपायी आहे. हेलिकॉप्टरला धाव नको. वर सपाट डेक, खाली ठेवायला हँगर, खालून वर आणायला लिफ्ट आणि इंधनाचा साठा एवढ्यावर त्याचे भागते. त्यामुळे लढाऊ विमानांच्या दृष्टीने जी बोट म्हातारी झाली, ती हेलिकॉप्टरच्या दृष्टीने अजून कामाची असते. या जातीची पहिली जहाजे अशीच, निवृत्तीच्या वाटेवरची होती.

'ओशन' आणि 'थिसियस' ही त्यांतली दोन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने घाईने ज्या हलक्या विमानवाहू बोटी बांधल्या त्यांपैकी या. दोन्ही ग्लासगोच्या गोद्यांत बांधल्या गेल्या आणि १९४४ साली पाण्यात उतरल्या. याच आराखड्यात थोडा फेरफार करून पुढे आणखी काही बोटी हाती घेतल्या होत्या. त्यांतली 'हर्क्युलिस' युद्ध संपल्यामुळे अपुरीच पडून राहिली. ती भारताने १९५७ मध्ये विकत घेतली, बेलफास्टमध्ये पुरी करून घेतली आणि १९६१ मध्ये तिची 'विक्रांत' झाली. म्हणजे दारुखान्यात आम्ही जिला पाहिले ती 'ओशन'ची धाकटी चुलत बहीण. 'ओशन'च्या नशिबाची गंमत अशी की, केवळ जेट इंजिनावर चालणारे पहिले विमान ३ डिसेंबर १९४५ रोजी तिच्याच डेकवर उतरले, आणि पुढे जेट विमाने जड नि वेगवान होत गेली तशी त्यांनीच तिला निकामी केले. कोरियाच्या युद्धात दोघींनी काम केले. १९५६ पर्यंत त्या शिकाऊ खलाशांच्या तरंगत्या शाळा झाल्या होत्या.

जहाजावरून हेलिकॉप्टरने सैन्य उतरवावे ही कल्पना मात्र अमेरिकेच्या मरीन दलाची. १९४६ मध्ये बिकिनी बेटाशी अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या. त्या पाहून मरीन सेनापतींनी हिशेब केला की, महायुद्धात किनाऱ्यासमोर शेकडो बोटींची जी दाटी करून आपण फौजा उतरवत होतो, ती दाटी यापुढे एका बॉम्बचे भक्ष्य होईल. तेव्हा जहाजे लांब आणि पांगलेली ठेवावीत आणि माणसे हवेतून न्यावीत. कल्पना निघाली अणुबॉम्बच्या भीतीने. पहिल्यांदा वापरली गेली ती मात्र ज्याच्यापाशी अणुबॉम्ब तर सोडाच, धड आरमारही नव्हते अशा देशाविरुद्ध.

२६ जुलै १९५६ रोजी गमाल अब्देल नासेर यांनी अलेक्झांड्रियाच्या सभेत सुएझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. या भाषणातली एक खुबी सांगितली पाहिजे. कालवा खणवणारा फ्रेंच गृहस्थ फर्दिनांद द लेसेप्स याचे नाव भाषणात आले की कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घ्यायच्या, असा संकेत ठरला होता. आपल्या माणसांच्या कानावरून तो निसटू नये म्हणून नासेर यांनी ते नाव पुन:पुन्हा घेतले. सभेतल्या लोकांना वाटले असेल, या मेलेल्या फ्रेंचाची आज एवढी आठवण का निघाली! कालवा खणताना मेलेल्या इजिप्शियनांचा आकडाही त्यांनी सांगितला, १,२०,०००. आकड्याबद्दल इतिहासकार वाद घालतात. पण पहिली काही वर्षे फेलाहीन म्हणजे तिथले कुणबी वेठीने आणून राबवले गेले, याबद्दल वाद नाही. पुढे १८७५ मध्ये इजिप्तचा खेदिव कर्जात बुडाला आणि त्याच्या हिश्श्याचे भाग ब्रिटिश सरकारने ४० लाख पौंडांना विकत घेतले. वेठ एकाची, भाग दुसऱ्याचे आणि नफा तिसऱ्या गावी, असा तो व्यवहार होता. एवढे असूनही नासेर यांनी कंपनी फुकट घेतली नाही. भागधारकांना पॅरिसच्या बाजारभावाने मोबदला देऊ केला.

त्यावर लंडन-पॅरिसचे म्हणणे काय, तर इजिप्शियनांना कालवा चालवता येणार नाही. अरुंद पाण्यातून परक्या बोटी नेणारे पायलट बहुतेक परदेशी होते. १४ सप्टेंबरच्या रात्री जुन्या कंपनीच्या सांगण्यावरून ते एकदम काम सोडून गेले. संप आम्ही पुष्कळ पाहिले आणि काही केलेही. पण मालकानेच कामगारांना करायला लावलेला संप विरळा. तो फसला. मागे राहिलेल्या इजिप्शियन आणि ग्रीक पायलटांनी जादा पाळ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी बोटींचे काफिले नेहमीसारखे गेले. आमच्या मते सुएझचा खरा निकाल याच दिवशी लागला. नोव्हेंबरात जे झाले ते निकालानंतरचे दंगल-दगड. युद्धशास्त्राच्या पुस्तकांत या पायलटांना एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

६ नोव्हेंबरची हकीकत मात्र त्या पुस्तकांत मिनिटामिनिटाने सापडते. आदल्या दिवशी ब्रिटिश व फ्रेंच छत्रीधारी उतरले होते. ६ तारखेला पहाटे दोन मरीन पलटणी होड्यांतून किनाऱ्याला लागल्या. त्यानंतर ४५ कमांडो ही तिसरी पलटण 'ओशन' आणि 'थिसियस' वरून हेलिकॉप्टरने निघाली. व्हर्लविंड आणि सिकॅमोर अशी दोन जातींची हेलिकॉप्टरे होती. वजन वाचावे म्हणून व्हर्लविंडच्या बैठका, दारे, खिडक्या काढून टाकल्या होत्या. सिकॅमोर इतके लहान की त्यात तीनच शिपाई मावत. दोघे कडेला पाय बाहेर सोडून बसत आणि मधला त्यांना धरून ठेवी. पलटणीचा प्रमुख जागा हेरायला पुढे गेला आणि एका क्रीडांगणावर उतरला. तेथे इजिप्शियन शिपाई होते. गोळ्या सुटल्यावर त्याला तसेच उचलून परत न्यावे लागले. मग दुसरी जागा ठरली ती कालव्याच्या तोंडाशी, द लेसेप्सच्या भव्य पुतळ्याजवळ. सुमारे दीड तासात चारशेंहून अधिक माणसे आणि वीस-पंचवीस टन सामान तेथे उतरले. परतीच्या फेरीत जखमींना जहाजावर नेले जाई. समुद्रातल्या जहाजांवरून अख्खी पलटण हेलिकॉप्टरने लढाईत उतरवण्याचा जगातला हा पहिला प्रसंग. पुढे ब्रिटिशांच्याच विमानाने चुकून याच पलटणीवर हल्ला केला आणि तिचा प्रमुख जखमी झाला, हेही त्याच पुस्तकांत असते, फक्त थोड्या लहान टाइपात.

त्या मध्यरात्री लढाई थांबली. अमेरिकेने पौंडाला आधार द्यायचे नाकारले, रशियाने धमकी दिली, राष्ट्रसंघात भारतासह बहुतेक देश विरोधात उभे राहिले. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात ४ नोव्हेंबरलाच मजूर पक्ष आणि कामगार संघटनांची प्रचंड सभा झाली होती. अन्यूरिन बेव्हन तेथे बोलले. खाणीत कामाला लागलेला हा माणूस ईडनसाहेबांच्या इंग्रजीपेक्षा सरस इंग्रजी बोलत असे. दोस्त फौजांची तीसच्या आत माणसे मेली. पोर्ट सैदच्या रहिवाशांची मात्र शेकड्यांनी. २२ डिसेंबरला शेवटचा ब्रिटिश शिपाई गेला आणि २४ तारखेला लोकांनी सुरुंग लावून द लेसेप्सचा पुतळा उडवला. शांतता फौजेत गेलेली भारतीय तुकडी नंतर दहा वर्षे त्या भागात होती.

मोहीम फसली, पण यंत्र पास झाले, असा आरमाराने निष्कर्ष काढला. 'बुलवर्क' ही बोट १९६० मध्ये कमांडोवाहू करून घेतली; पुढच्याच वर्षी ती कुवेतला धावली. १९६४ मध्ये टांगानिकात शिपायांनी बंड केले, तेव्हा 'सेंटॉर'वरून तीच ४५ कमांडो हेलिकॉप्टरने उतरली. 'हर्मिस' १९७३ मध्ये याच कामाला लागली, फॉकलंडला लढली आणि १९८७ मध्ये आमची 'विराट' झाली. अमेरिकेने तर जुन्याची डागडुजी न करता १९६१ मध्ये 'इवो जिमा' हे मुद्दाम याच कामासाठी बांधलेले जहाज सेवेत आणले. 'ओशन' आणि 'थिसियस' मात्र १९६२ मध्ये भंगारात गेल्या.

आता सँ-नाझेरकडे वळू. हे गाव म्हणजेच गोदी. १९५५ च्या उन्हाळ्यात, सुएझच्या एक वर्ष आधी, तेथल्या कामगारांनी पगारासाठी असा लढा दिला की पोलिसांशी रस्त्यावर चकमकी झाल्या आणि सुमारे २२ टक्के वाढ मिळाली. फ्रान्समधल्या कामगारांच्या तोंडी तो लढा पुष्कळ दिवस होता. याच गोदीत पुढे 'मिस्त्राल' जातीची जहाजे बांधली गेली. पहिले २००६ मध्ये आरमारात गेले. लांबी १९९ मीटर, वजन २१ हजार टनांवर, १६ मोठी हेलिकॉप्टरे, ४५० शिपाई आणि पोटात ६९ खाटांचे इस्पितळ. धाव नको असल्याने वेगही नको; ताशी १९ नॉटवर भागते. म्हणून ते बऱ्याच अंशी व्यापारी जहाजांच्या रीतीने बांधता आले, म्हणजे खर्च कमी. प्रवासी बोटी बांधणारेच हात तेथे कामाला आले.

अशी दोन जहाजे रशियाने २०११ मध्ये सुमारे १२० कोटी युरोंना मागवली. त्यांचे मागचे भाग सेंट पीटर्सबर्गच्या गोदीत घडले आणि समुद्रातून ओढून आणून सँ-नाझेरला जोडले गेले. एकाच जहाजाचे नाक फ्रेंच वेल्डरचे, शेपूट रशियन वेल्डरचे. २०१४ मध्ये चारशे रशियन खलाशी शिकायला गावात येऊन राहिले. त्याच वर्षी रशियाने क्रिमिया घेतला होता; युक्रेनच्या पूर्वेला लढाई पेटली होती. जहाजे देऊ नका म्हणून निदर्शने झाली, द्या म्हणूनही झाली. गोदीतल्या कामगारांना धास्ती होती की मागणी बुडाली तर पुढचे काम कोठून येणार?

येथे कोणी म्हणेल, कामगारांनी स्वतः होऊन नको म्हणायला हवे होते. तसे लेख आम्हीही वाचले. पण आमच्या हातून काय घडले ते सांगितल्याशिवाय सँ-नाझेरवर बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही. एका कारखान्यात तोफगोळ्यांची कवचे ओतण्याचे काम आले होते. कारखान्याला त्याआधी चार महिने काम नव्हते. शांतता परिषदांची पत्रके आम्ही स्वतः वाटलेली. तरी गेटवरच्या सभेत गोळे कोठे पडणार हा प्रश्न आम्ही काढला नाही. ओव्हरटाइमचा दर काय, एवढाच काढला. एका वयस्क ओतारीने सभेनंतर बाजूला घेऊन विचारले, "साहेब, ते दुसरं विचारायचं राहिलं का?" आम्ही म्हटले, "राहिलं." तो पुढे काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर झाला.

ऑगस्ट २०१५ मध्ये रशियाशी करार मोडला आणि फ्रान्सने सुमारे ९५ कोटी युरो परत केले. रशियन यंत्रसामग्री उतरवली गेली. सप्टेंबरात नवा गिऱ्हाईक ठरला : इजिप्त. २ जून २०१६ रोजी सँ-नाझेरच्या धक्क्यावर 'व्लादिवोस्तोक'चे हस्तांतर झाले तेव्हा तिच्यावर नवे नाव होते, 'गमाल अब्देल नासेर'. सप्टेंबरात दुसरे जहाज गेले, ते 'अन्वर सादात'. साठ वर्षांपूर्वी ज्या जातीचे जहाज नासेर यांचे राष्ट्रीयीकरण मोडायला इंग्लंडने, फ्रान्सला बरोबर घेऊन, पोर्ट सैदसमोर आणले, त्याच जातीचे जहाज फ्रान्सने नासेर यांच्या नावाने इजिप्तला विकले, आणि ते त्या महिन्यात अलेक्झांड्रियाला जाऊन पोहोचले. ज्या वेल्डरांनी रशियाच्या नावाने पत्रे जोडले होते त्यांना याबद्दल कोणी काही विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

याच जातीचे फ्रान्सचे स्वतःचे 'दिक्समूद' नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस इजिप्तच्या एल-अरीश बंदरात आले. पोर्ट सैदपासून ते पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटर. गाझातल्या जखमी आणि आजारी माणसांसाठी पोटातले इस्पितळ उघडले होते. जहाज धक्क्यालाच लागले होते, त्यामुळे रुग्ण रफाहवरून ॲम्ब्युलन्समधून येत. काही आठवडे तेथे राहून ते परत गेले.