कळ्यांचा हिशेब

जुन्या पोशाखांचा इतिहास आपण बहुधा चित्रांवरून आणि कागदांवरून लिहितो. चित्र रंग आणि रुबाब दाखवते, दप्तरातला कागद कापडाचे नाव व किंमत सांगतो. पण तो कपडा कसा बेतला, किती तुकड्यांचा केला, शिवण कुठे आली, हे दोन्ही सांगत नाहीत. १७९० च्या दशकात पुण्यात आलेल्या जेम्स वेल्सने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवली. त्यांवरून पोशाख ओळखता येतो, शिवता मात्र येत नाही. कारण पाठ, काख आणि आतली बाजू चित्रात नसते. मी काही वर्षे हौसेने जुन्या बेतणीचे कपडे हाताने शिवत आलो आहे. ही हौस म्हणजे नुसते नटणे नव्हे, इतिहास वाचण्याचेही ते एक साधन आहे, असे माझे मत होत गेले. ते का, हे इथे मांडतो.

या साधनाला शिस्त लावली ती जॅनेट अर्नोल्ड या इंग्रज अभ्यासक बाईंनी. 'पॅटर्न्स ऑफ फॅशन' या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला भाग १९६४ साली आला. संग्रहालयांतले मूळ कपडे टेबलावर पसरून त्यांनी प्रत्येक तुकडा मोजला आणि एक अष्टमांश प्रमाणात त्याचा नकाशा काढला. कुठे कापड उलटे लावले आहे, कुठे जोड दिला आहे, कुठे जुना झगा उसवून नवा केला आहे, हे सारे त्या नकाशांत नोंदलेले आहे. त्यामुळे घरी बसून शिवणाऱ्या हौशी माणसालाही तो कपडा पुन्हा उभा करता येऊ लागला.

चित्रावर विसंबण्यात काय धोका असतो, याचे एक उदाहरण फ्लॉरेन्सचे आहे. कोसिमो मेदिची याची पत्नी एलेओनोरा १५६२ साली वारली. ब्रोन्झिनो या चित्रकाराने सुमारे १५४५ मध्ये काढलेल्या तिच्या प्रसिद्ध चित्रात मोठाल्या डाळिंबी नक्षीचा जरतारी झगा आहे. तोच झगा घालून तिला पुरले, असे दीर्घकाळ मानले जात होते. थडग्यातून निघालेले वस्त्र अभ्यासकांनी तपासले तेव्हा ते निराळेच निघाले: पांढऱ्या साटिनचे, मखमली पट्ट्यांचे. त्या झग्याचा नकाशा अर्नोल्डबाईंच्या १९८५ च्या भागात आहे. लोकांच्या मनात चाललेली समजूत शेवटी कापडानेच खोडून काढली.

आता आपल्या अंगरख्याकडे येऊ. अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयातल्या पोशाखांवर बी. एन. गोस्वामी यांचा मोठा ग्रंथ १९९३ साली निघाला. तो चाळताना अंगरखा, जामा या कपड्यांमागची भूमिती ध्यानात येऊ लागते. पण ती हाताला कळते ती मांजरपाट आणि कात्री घेऊन बसल्यावर.

अंगरख्याचा घेर कळ्यांचा असतो. दहा इंच रुंद आणि छत्तीस इंच लांब अशी कापडाची एक पट्टी घ्या. वरच्या कडेवर डावीकडून दोन इंचांवर खूण करा, खालच्या कडेवर उजवीकडून दोन इंचांवर. दोन्ही खुणा जोडणाऱ्या तिरप्या रेषेवर पट्टी कापा. दोन सारख्या कळ्या मिळतात. प्रत्येकीचे एक टोक दोन इंच, दुसरे आठ इंच. त्यांतली एक उलटी फिरवली की दोन्ही अरुंद टोके कमरेला येतात आणि रुंद टोके खाली. अशा दहा पट्ट्यांच्या वीस कळ्या होतात. शिवणीची माया सोडून हिशेब केला तर कंबर ४० इंच आणि खालचा घेर १६० इंच. कापड वाया गेले शून्य.

आजच्या पद्धतीने छत्रीसारखा गोल घेर कापायचा झाला तर चौरस कापडातून वर्तुळ काढावे लागते. चार कोपऱ्यांत एक पंचमांशाहून थोडे अधिक कापड कातरणात जाते, कमरेचे भोक वेगळेच. शिवाय इतक्या मोठ्या पन्ह्याचे कापड हवे. जुन्या हातमागावर एकटा विणकर धोटा एका हाताने टाकून दुसऱ्या हाताने झेलत असे. त्यामुळे पन्हा त्याच्या हातांच्या पोहोचेपलीकडे जाणे कठीण. कपड्याची बेतणी मागाच्या रुंदीवरून ठरते, हे डोरोथी बर्नहॅम या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी १९७३ मध्ये 'कट माय कोट' या छोट्या पुस्तकात सोदाहरण दाखवले आहे.

शिवायला बसल्यावर आणखी एक गोष्ट उमगते. प्रत्येक कळीची एक कड सरळ, दुसरी तिरपी असते. तिरपी कड, म्हणजे उरेब, ताणली जाते. दोन तिरप्या कडा एकमेकींना जोडल्या तर शिवण लोंबते. तिरपीला सरळ कड जोडली तर ती तिला धरून ठेवते आणि घेर एका पातळीत पडतो.

काखेचेही तसेच. अंगरख्याच्या काखेत एक चौकोनी तुकडा कोपऱ्यावर उभा करून बसवतात. हिंदी मुलखात त्याला चौबगला म्हणतात. आजच्या कोटाला गोल कापलेला मुंढा असतो; हात वर केला की कोटही वर ओढला जातो. चौबगल्याचा तुकडा ताणाच्या दिशेला तिरपा येत असल्यामुळे तो ओढ सोसतो आणि अंगरखा जागच्या जागी राहतो. घोड्यावर बसणाऱ्याला, हत्यार उगारणाऱ्याला याचे मोल किती, हे तो घालून हात उचलला की कळते. काख घामाने विरली तर तेवढाच तुकडा बदलता येतो.

या सगळ्याची किंमत मात्र श्रमांत आहे. वीस कळ्या, पुढून उघडा घेर, म्हणजे एकोणीस जोड. प्रत्येकी ३६ इंच धरले तर ६८४ इंच, म्हणजे ५७ फूट शिवण. तीही हाताने, केवळ घेराची. कापड वाचवण्यासाठी एवढी शिलाई करायची, याचा अर्थ स्वच्छ आहे. कापड महाग होते आणि शिंप्याचा हात स्वस्त. आज ते नेमके उलटे झाले आहे. नाटकात, मिरवणुकीत दिसणारा मखमली अंगरखा भरपूर कापड आणि थोड्या शिवणींचा असतो, तो याच कारणाने. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही; पण जुन्या काळाचे अर्थकारण त्याच्यात उरत नाही.

हा हिशेब मांडणारा शिंपी बखरीत नाही. त्याने तो कागदावर लिहिला नाही, हातातून हातात दिला. आपल्यापर्यंत त्याचे एकच दप्तर पोचले आहे, ते म्हणजे शिवलेला कपडा. आणि ते दप्तर आपण स्वतःच जाळतो आहोत. जुनी जर विकत घेणाऱ्याला पणजोबांचा विरलेला अंगरखा दिला की तो जाळून त्यातली चांदी काढली जाते. उरलेल्याचे बटवे नाहीतर उशांचे अभ्रे होतात.

कोणाच्या ट्रंकेत असा कपडा असेल तर तो देऊन टाकण्याआधी एक दुपार त्याच्यासाठी काढावी, एवढीच विनंती. स्वच्छ चादरीवर तो पसरावा, ओढू नये, धुऊ नये. कळ्या मोजाव्यात. प्रत्येक कळीची वरची आणि खालची रुंदी, कापडाचा पन्हा, काखेतला तुकडा, बंद किती आणि कुठल्या बाजूला, हे वहीत उतरवावे. आतल्या बाजूचे फोटो घ्यावेत, कारण शिवणी तिथेच वाचता येतात. शिवणकाम येत नसले तरी मोजपट्टी सर्वांना वाचता येते. चांदीचे दोन पैसे येतील न येतील. ती वही मात्र पुढच्या कोणालातरी तो अंगरखा पुन्हा शिवायला पुरेल.