दरडोई वर्गणी (संगणकप्रणालींची)

संगणकप्रणाली कायमची न विकता मुदतीने वापरावयास देताना ग्राहकसंस्थेतील वापरकर्त्यांच्या संख्येवरून केली जाणारी आकारणी. व्यवहारात ‘पर यूजर’ वा ‘पर सीट’ दर हेच शब्द रूढ आहेत. ठोक रकमेची उक्ती वर्गणी आणि प्रत्यक्ष वापरावर बेतलेली आकारणी हे तिचे प्रमुख पर्याय होत. पद्धत निवडताना खल बहुधा दराचाच होतो; वस्तुतः ‘वापरकर्ता’ कोणास म्हणावे ही व्याख्याच निर्णायक असून, करारनाम्यातील तेवढे एक कलम बदलले असता दर कायम राहूनही देयक दुप्पट होऊ शकते.

सेल्सफोर्स (स्थापना १९९९, सॅन फ्रान्सिस्को) या कंपनीने दरमहा दरडोई वर्गणीची प्रथा लोकप्रिय केली.

मोजणीचे प्रकार : समकालिक परवान्यात एका वेळी किती जण प्रणाली वापरीत आहेत एवढेच मोजले जात असल्याने, ज्या कचेरीत पंचवीस आरेखक आळीपाळीने काम करीत, तेथे दहा परवानेही पुरत; नामनिर्दिष्ट परवाना मात्र व्यक्तीच्या नावे असतो. ऑटोडेस्क या आरेखनप्रणाली बनविणाऱ्या कंपनीने २०२० पासून ग्राहकांना पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात नेले व प्रत्येक समकालिक वर्गणीच्या बदल्यात दोन नामनिर्दिष्ट वर्गण्या देऊ केल्या. वरील कचेरीस या हिशेबाने वीस मिळतात आणि पाच आरेखक उरतात.

स्लॅक या संदेशप्रणालीने याउलट निष्क्रिय सदस्याच्या उर्वरित मुदतीची रक्कम खात्यात जमा करण्याचा पायंडा पाडला. झोहोने २०१७ मध्ये ‘झोहो वन’ हा प्रणालीसंच बाजारात आणताना सवलतीच्या दरासाठी संस्थेतील यच्चयावत कर्मचाऱ्यांची वर्गणी भरण्याची अट घातली. थोडक्यात, स्लॅक हजेरी मोजते, झोहो पट मोजते. फिग्मासारख्या आरेखनप्रणालीत केवळ पाहणाऱ्यास शुल्क नसते, संपादन करणाऱ्यास असते. नुसते पाहणाऱ्यांतूनच पुढे संपादक निपजतात, हे विक्रेत्याचे गणित त्यामागे दिसते.

गुणदोष : खर्चाचा अंदाज आगाऊ बांधता येणे हा मुख्य गुण. खर्च वाचविण्यासाठी एकच परवलीचा शब्द चौघांनी वापरणे हा दोष इतका सार्वत्रिक आहे, की मग कोणती नोंद कोणी केली हे हिशेबतपासनिसास सांगता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ही हानी वाचलेल्या वर्गणीहून मोठी होय.

उक्ती वर्गणीशी तुलना : बेसकॅम्प या प्रकल्पव्यवस्थापन-प्रणालीने दरडोई दरमहा १५ डॉलर आणि, वार्षिक भरणा केल्यास, अमर्याद वापरकर्त्यांसाठी दरमहा २९९ डॉलर असे दोन्ही दर जाहीर केले. विसाव्या माणसापाशी दरडोई रक्कम ३०० डॉलर होते. तेथून पुढे उक्ती वर्गणी स्वस्त.

यंत्राने काम करावे व माणसे घटावीत, अशा सेवांना दरडोई माप लागू पडेनासे झाले आहे. इंटरकॉम या ग्राहकसेवा-प्रणालीच्या कंपनीने २०२३ मध्ये आपल्या स्वयंचलित उत्तरसेवेसाठी निकाली काढलेल्या प्रत्येक तक्रारीमागे ९९ सेंट आकारण्यास प्रारंभ केला.

कर : भारतात १८ टक्के वस्तू व सेवा कर.

माणसे न मोजण्याचे उदाहरण जवळचेही आहे : महाराष्ट्रातील पेढ्यांच्या परिचयाच्या ‘टॅली’ या हिशेबप्रणालीत ‘सिल्व्हर’ परवाना एका वापरकर्त्यापुरता असून, ‘गोल्ड’मध्ये एकाच कचेरीच्या अंतर्गत जाळ्यावरील माणसे मोजली जात नाहीत.