अंगणातल्या कोब्याला सीलर लावायचा की नाही? डबा विकत घेण्याआधी या 3 चाचण्या करा



मागच्या गणपतीत आमच्या चिपळूणजवळच्या घरी आजी अंगणात घसरली. हाड मोडलं नाही, पण आठवडाभर ती अंथरुणावर होती. बाबांनी त्याच दिवशी ठरवलं की या कोब्याला "काहीतरी लावून घ्यायचं". दुकानदाराने चकचकीत सीलरचा डबा पुढे केला. मी म्हटलं, थांबा, आधी समजून घेऊ. त्यातून जे कळलं ते आज सोप्या भाषेत सांगतो.

सीलर म्हणजे नेमकं काय?

काँक्रीट दगडासारखं घट्ट दिसतं, पण त्यात केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातून पाणी आत शिरतं. हे शोषण कमी करणारं द्रव्य म्हणजे सीलर. त्याचे मुख्य प्रकार दोन:

1. आत मुरणारा (सिलेन, सिलोक्सेन): हा नळ्यांच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि पाणी झटकतो. कोब्याचा रंग आणि खडबडीतपणा जवळपास तसाच राहतो, आतली वाफही बाहेर पडते. मात्र तेलाच्या डागांपुढे याचा फारसा उपयोग नाही.
2. थर बनवणारा (ॲक्रिलिक): वर पातळ थर बसतो. चकाकी येते, तेलाचे डाग पुसायला सोपे जातात. पण ओला झाला की घसरतो. खाली ओल अडकली तर पांढुरका पडतो, सोलपटतो आणि काही वर्षांत पुन्हा लावावा लागतो.

व्हिडिओ बघताना हे लक्षात ठेवा

यूट्यूबवर "सीलर लावलाच पाहिजे" सांगणारे बरेच व्हिडिओ अमेरिकेतले आहेत. तिथे थंडीत काँक्रीटमधलं पाणी गोठतं. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि काँक्रीटचे पापुद्रे निघतात. वर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ असतंच. कोकणात यातलं काहीच नाही. आपली अडचण आहे पाऊस, सावली आणि शेवाळ. म्हणजे रोग वेगळा, तर औषधही वेगळं.

घरच्या घरी 3 चाचण्या

1. पाण्याची: कोरड्या कोब्यावर कपभर पाणी ओता आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. मिनिटभरात जागा काळपट होऊन पाणी मुरलं, तर कोबा पाणी पितोय. थेंब तसेच राहिले तर कोबा घट्ट आहे किंवा आधीच काही लावलेलं आहे. अशा ठिकाणी मुरणारा सीलर आत जाणारच नाही.

2. ओलीची: दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर, साधारण 16 तास ठेवा. खाली थेंब जमले तर जमिनीतून ओल येतेय. तिथे थर बनवणारा सीलर नकोच.

3. उताराची: सरळ फळीवर मोबाईल आडवा उभा करून लेव्हल ॲप उघडा. मग मोबाईल उलट दिशेने फिरवून परत मोजा आणि सरासरी काढा, म्हणजे फोनची चूक निघून जाते. मीटरमागे किमान 10 मिलिमीटर उतार हवा, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. इतका बारीक फरक फोनवर नक्की कळत नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी वापरा.

मग लावायचा कुणी?

- कोबा पाणी पितोय, उतार नीट आहे, ऊन येतं: मुरणारा सीलर चालेल.
- गाडी लावायची जागा, तेल गळतं: थर बनवणारा चालेल, पण त्यात घसरण रोखणारी भुकटी मिसळायलाच हवी.
- पाणी साचतं, दिवसभर सावली: आधी उतार आणि पन्हळ. शेवाळ पृष्ठभागावरच्या ओलाव्यावर वाढतं, त्यामुळे सीलरवरही वाढतं.
- नवा कोबा: किमान 28 दिवस थांबा.

लावण्याआधी कोबा धुऊन पूर्ण वाळू द्या आणि हवामानाच्या ॲपवर पुढचे दोन दिवस कोरडे आहेत ना, ते बघा. एक महत्त्वाचं: शेवाळ काढायला ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर तिच्यात किंवा तिच्यानंतर लगेच ॲसिड टाकू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आम्ही काय केलं?

आजी घसरली तिथे पागोळ्यांचं पाणी साचत होतं, आणि उतार मोजला तर घराकडेच! दुखणं इथे होतं. चकचकीत सीलर लावला असता तर तीच जागा आणखी निसरडी झाली असती. जानेवारीत गवंड्याकडून तेवढा पट्टा फोडून उतार बाहेरच्या बाजूला काढला, वर झाडू फिरवून खडबडीत ठेवला आणि पत्र्याला पन्हळ बसवली. सीलर फक्त उन्हातल्या भागाला, तोही मुरणारा.

यंदाच्या पावसात तिथे पाणी थांबलं नाही. कडेला थोडं शेवाळ येतं, ते आठवड्यातून एकदा खराट्याने घासतो. आजी अजूनही वाटेवर झावळ्या टाकते, आणि आता मीही तिला हात देतो.

तर मित्रांनो, डबा शेवटी घ्या, आधी कपभर पाणी ओतून बघा. घराचं काम काढलेला कुणी मित्र असेल तर त्याला हा लेख नक्की पाठवा.